उपचारांच्या आडवाटा

घरांत दुखणें आलें कीं दोन पक्ष पडतात, हा आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतला नित्याचा अनुभव आहे. एक पक्ष म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा, काय त्या तपासण्या होऊन जाऊं द्या." दुसरा म्हणतो, "त्या जहाल गोळ्यांनीं पोटाची नासाडी करून घेण्यापेक्षां वैद्यांकडे चला, नाहीं तर होमिओपाथी घ्या. गुण आला नाहीं तरी अपाय तर होणार नाहीं!" रोगी बिचारा अंथरुणावर पडल्यापडल्या दोन्ही पक्षांचीं भाषणें ऐकतो, आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचें औषध त्याच्या पोटांत जातें. "अपाय तर होणार नाहीं" हें वाक्य आपल्याकडे इतक्या घरांतून व इतक्या विश्वासानें उच्चारलें जातें कीं, त्याची एकदां नीट पारख व्हावी असें आम्हांस फार दिवस वाटत होतें.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आयुर्वेद, युनानी, होमिओपाथी, निसर्गोपचार, योगासनें, चिनी लोकांची सुया टोचण्याची विद्या, या सर्वांना एकाच गाठोड्यांत बांधून 'पर्यायी उपचार' म्हणण्याचा हल्लीं प्रघात आहे. सरकारनेंहि २०१४ सालीं यांतल्या बहुतेकांसाठीं 'आयुष' या नांवाचें स्वतंत्र मंत्रालय काढलें. परंतु गाठोडें एक असलें तरी आंतल्या वस्तु एका जातीच्या नाहींत. आयुर्वेदामागें चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांची दीर्घ परंपरा आहे. होमिओपाथी ही एका जर्मन डॉक्टरानें सुमारें सव्वादोनशें वर्षांपूर्वीं काढलेली पद्धति आहे. योग तर मुळांत उपचारच नव्हे. ती साधना आहे, आणि शरीरस्वास्थ्य हें तिचें आनुषंगिक फळ होय. तेव्हां "तुमचा पर्यायी उपचारांवर विश्वास आहे काय?" हा प्रश्न "तुम्हांस पुस्तकें आवडतात काय?" या प्रश्नाइतकाच मोघम आहे. कोणतें पुस्तक, हें विचारल्यावांचून उत्तर संभवत नाहीं.

याहून महत्त्वाचा भेद 'पर्यायी' आणि 'पूरक' या दोन शब्दांत आहे. हा भेद औषधाचा नसून तें घेण्याच्या रीतीचा आहे. ज्यास इन्शुलिनवांचून गत्यंतर नाहीं असा मधुमेहाचा रोगी इन्शुलिन चालूं ठेवून सकाळीं आसनें करतो, तेव्हां तीं आसनें पूरक होत. इन्शुलिन टाकून देऊन केवळ आसनांवर भिस्त ठेवतो, तेव्हां तींच पर्यायी ठरतात. आसन तेंच, चटई तीच, शिकविणारे गुरुजीहि तेच. परंतु पहिल्या ठिकाणीं तें हितकर, तर दुसऱ्या ठिकाणीं प्राणघातक. घरांतले वाद बहुतेक औषधाच्या नांवावरून होतात. ते या भेदावरून झाले तर पुष्कळ अनर्थ टळतील.

शहाणींसुरतीं माणसें या आडवाटांना कां लागतात, याचाहि न्याय्य विचार केला पाहिजे. केवळ अज्ञान हें त्याचें कारण खास नव्हे. मोठ्या इस्पितळांत रोग्यास आधीं एक क्रमांक मिळतो. तास-दोन तास बांकावर बसल्यावर जी भेट होते तींत डॉक्टरांचें अर्धें लक्ष कागदपत्रांकडे असतें, आणि बोलणें रंगांत येण्यापूर्वींच पुढचा क्रमांक पुकारला जातो. उलट वैद्य नाडी पाहतो, झोंप कशी लागते विचारतो, पोट साफ होतें का, तिखट किती खातां, मनाला कांहीं घोर आहे का, हेंहि विचारतो. तेथें क्रमांकाचा पुन्हां माणूस होतो. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. सांधेदुखी, जुनें पित्त, निद्रानाश अशीं जीं दुखणीं जिवावर बेतत नाहींत पण जीव नकोसा करून सोडतात, त्यांत कोणी आपलें म्हणणें ऐकून घेतलें यानेंच अर्धें ओझें उतरतें. आधुनिक वैद्यकाला या आडवाटांपासून शिकण्यासारखें कांहीं असेल, तर तें हें ऐकून घेणें आहे.

पण ऐकून घेतल्यानें बरें वाटणें आणि औषधानें रोग जाणें या दोन गोष्टी एक नव्हत. होमिओपाथीचेंच उदाहरण घेऊं. सॅम्युएल हानेमन यानें १७९० सालीं सिंकोना झाडाची साल स्वतःवर वापरून पाहिली, आणि आपणांस हिंवतापासारखीं लक्षणें झालीं असें समजून 'समानें समान बरें होतें' हा सिद्धांत पुढें बसविला. १८१० सालीं त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळीं युरोपांतले डॉक्टर रोग्याचें रक्त काढीत व पारा पाजीत. अशा वेळीं ज्याच्या औषधांत औषध जवळजवळ नव्हतेंच, त्या हानेमनचे रोगी अधिक वांचले असतील तर नवल नाहीं. मूळ द्रव्याचा एक भाग व पाण्याचे नव्याण्णव, अशी पातळ करण्याची क्रिया तीस वेळां केली म्हणजे तिसावी मात्रा होते. आणि रसायनशास्त्राच्या हिशेबानें बाराव्या वेळेच्या पुढें त्यांत मूळ द्रव्याचा एखादा कणहि उरण्याचा संभव राहत नाहीं. "मग आमच्या बंडूचा खोकला कसा थांबला?" असें कोणी विचारील. बंडूचा खोकला आठवड्यानें थांबणारच होता. माणूस दुखणें शिगेला पोंचल्यावर औषधाकडे धांवतो, आणि शिगेनंतर उतार हा सृष्टीचाच नियम आहे. त्या उताराचें श्रेय जो त्या वेळीं जवळ असेल त्याला मिळतें.

श्रद्धेचें बळ किती, हेंहि फार पूर्वीं पाहून झालें आहे. पॅरिसमध्यें मेस्मर नांवाच्या वैद्यानें आपल्या 'प्राणिज चुंबकशक्ती'नें रोगी बरे करण्याचा सपाटा लावला, तेव्हां १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें एक चौकशीमंडळ नेमलें. त्यांत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हॉझिए यांसारखे लोक होते. मेस्मरच्या शिष्यानें बागेंतल्या एका झाडांत ती शक्ति भरून ठेवली, आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडाझाडापाशीं नेण्यांत आलें. मुलाला मूर्च्छा आली खरी, पण ती भलत्याच झाडापाशीं! मुलगा ढोंगी नव्हता. त्याची मूर्च्छा खरी होती, फक्त तिचें कारण झाडांत नव्हतें.

यावरून कोणी आडवाटा सगळ्याच भ्रमाच्या, असें अनुमान काढील तर तेंहि चुकेल. आपल्याकडील सर्पगंधेची कथा याविरुद्ध साक्ष देते. ही वनस्पति उन्माद, निद्रानाश इत्यादि विकारांवर आपल्याकडे पूर्वापार वापरांत होती. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिचे गुण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविले. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना ती देऊन, दाब मोजून, त्याचा वृत्तांत १९४९ सालीं ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि पश्चिमेकडील डॉक्टरांचे डोळे उघडले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनीं तींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. येथें रोग्याची श्रद्धा असो वा नसो, यंत्रांतला पारा खालीं उतरत होता.

पण या कथेचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. औषध प्रचारांत आल्यावर, कांहीं रोग्यांच्या मनावर त्यानें खोल उदासीनता येते असें आढळून आलें, आणि पुढें अधिक निर्धोक औषधें निघाल्यावर त्याचा वापर मागें पडला. यांतच आमच्या आरंभींच्या वाक्याचें उत्तर आहे. ज्या वस्तूचा शरीरावर कांहीं परिणाम होतो तिचा दुष्परिणामहि होऊं शकतो. आणि जिचा अपाय कधींच होऊं शकत नाहीं, तिचा उपाय तरी कसा व्हावा? 'नैसर्गिक' हा शब्द येथें कांहीं उपयोगाचा नाहीं. बचनाग नैसर्गिकच आहे. अमेरिकेंतील बोस्टनच्या परिसरांत दुकानांतून विकलीं जाणारीं सत्तर आयुर्वेदीय औषधें तपासलीं, तेव्हां चौदांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. यावरून सगळा आयुर्वेद विषारी ठरत नाहीं. परंतु पुडीवर मुळ्याचें चित्र आहे म्हणून पुडी निर्धोक, ही समजूत मात्र ठरते भाबडी.

परंपरेची परीक्षा घेणें म्हणजे तिचा अपमान करणें, असें कित्येकांस वाटतें. त्यांनीं लोणावळ्याकडे पाहावें. तेथें स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें आणि 'योगमीमांसा' हें नियतकालिक काढलें. स्वामी योगाचे निस्सीम उपासक. पण त्यांनीं क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रें हातीं घेतलीं, व नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांत बाहेरच्या हवेहून कमी दाब निर्माण होतो, हें मोजून दाखविलें. ज्याची आपल्या विद्येवर खरी निष्ठा असते, तो ती कसोटीस लावण्यास भीत नाहीं. कसोटीला भितो तो व्यापारी. अशा व्यापाऱ्यांसाठींच १९५४ सालीं जादूच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. तरी त्यांचा धंदा थांबलेला नाहीं, हें भिंतीवरच्या जाहिराती वाचणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे.

या वाटा आणि हमरस्ता यांचा मेळ कसा घालावा, याचें एक मोठें उदाहरण पुण्याच्या परिसरांतच घडलेलें आहे. गांधीजींइतका निसर्गोपचाराचा कट्टर पुरस्कर्ता आपल्याकडे दुसरा झाला नाहीं. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्या'ंत त्यांनीं डॉक्टरी धंद्यावर कडक टीका केली होती. मातीच्या पट्ट्या व कटिस्नानें यांचे प्रयोग त्यांनीं स्वतःवर आणि मुलाबाळांवर केले होते. परंतु १९२४ च्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांत त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला, तेव्हां त्यांनीं ससून इस्पितळांत कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेण्यास संमति दिली. १२ जानेवारीच्या रात्रीं शस्त्रक्रिया चालूं असतांना वीज गेली, आणि कंदिलाच्या उजेडांत ती पुरी करावी लागली. गांधीजी वांचले. त्यानंतर त्यांनीं निसर्गोपचार सोडला काय? नाहीं. १९४६ सालीं पुण्याजवळच उरुळीकांचन येथें त्यांनीं गरिबांसाठीं निसर्गोपचार आश्रम सुरू केला. यांत विसंगति पाहणारे पाहोत. आम्हांस त्यांत व्यवहाराचा विवेक दिसतो. आहार, विश्रांति, पाणी, माती, मनःशांति यांचें क्षेत्र एक. आणि पू झालेल्या आंतड्याचें क्षेत्र दुसरें.

हाच विवेक आम्हीं एका साध्या वैद्यांच्या ठायींहि पाहिला आहे. आमच्या एका आत्याबाईंच्या छातींत गांठ आली. त्यांचा इस्पितळावर मुळींच विश्वास नव्हता. घरांत कोणास न सांगतां त्या गांवच्या वृद्ध वैद्यांकडे गेल्या. वैद्यबुवांनीं नाडी पाहिली, विचारपूस केली, आणि सांगितलें, "आक्का, ही गांठ माझ्या पुड्यांनीं जाणारी नव्हे. उद्यांच्या उद्यां शहरांतल्या इस्पितळांत जा. तिकडचें झालें कीं मग मजकडे या. अन्न कसें जाईल, झोंप कशी लागेल तें मी पाहीन." आत्याबाई गेल्या त्या केवळ या माणसाच्या शब्दाखातर, आम्ही दहाजण सांगून त्या गेल्या नसत्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या तोंडास चव आली ती वैद्यबुवांनीं सांगितलेल्या पेजेनें आणि सारानें, असें त्या पुढें बारा वर्षें सांगत असत. त्या सांगण्यास बारा वर्षें मिळालीं, ही मात्र शस्त्रक्रियेची देणगी होती. उलट वागणाऱ्यांचें काय होतें, हेंहि आतां मोजलेलें आहे. बरा होण्याजोगा कर्करोग असतां डॉक्टरी उपचार नाकारून ज्यांनीं केवळ पर्यायी उपचार धरले, त्यांच्या मृत्यूचा संभव इतरांच्या अडीच पट निघाला, असें २०१८ सालच्या एका अमेरिकन पाहणींत दिसून आलें.

तेव्हां कोणत्याहि उपचारकाच्या ओट्यावर चढण्यापूर्वीं कुटुंबांतील कर्त्या माणसांनीं तीन प्रश्न विचारावेत, असें आमचें सुचविणें आहे. या दुखण्याचें निदान झालें आहे काय? हा उपचार चालूं औषधांच्या जोडीस आहे कीं त्यांच्या जागीं? आणि गुण न आल्यास किती दिवसांनीं थांबावयाचें? तिसऱ्या प्रश्नाला जो मुदत सांगतो आणि "हें माझें काम नव्हे" असें म्हणण्याची ज्याला लाज वाटत नाहीं, तो वैद्य असो, हकीम असो वा विलायतेहून आलेला तज्ज्ञ असो, त्याच्या हातीं आपलें माणूस सोंपविण्यास हरकत नाहीं. जो "सर्व रोगांवर माझ्याकडे औषध आहे" असें सांगतो, त्याच्या ओट्यावरून मात्र चपला पायांत घालून तत्काळ उतरावें. डॉक्टरांनाहि एक विनंती आहे. रोगी दुसरीकडे काय घेतो हें त्याला रागें न भरतां विचारा. रागावलांत तर तो घेणें सोडणार नाहीं, सांगणें तेवढें सोडील, आणि दोन औषधांचा झगडा त्याच्या पोटांत कोणाच्या नकळत चालूं राहील.