आमचा सामरी

शाळेच्या वार्षिकासाठीं जुन्या विद्यार्थ्यांनीं कांहीं लिहून द्यावें, अशी सूचना आली तेव्हां आमच्या मित्रांनीं सहली, स्नेहसंमेलन, क्रिकेटचे सामने असे सुरेख विषय पटकावले. आमच्या वांट्यास उरला तो एक राक्षस. विषय पाहून पालकवर्ग कपाळास आंठ्या घालील हें आम्ही जाणतों. परंतु ज्या गोष्टीनें आमच्या शालेय आयुष्याचें एक अख्खें वर्ष व्यापलें, ती सोडून वनभोजनाचें वर्णन करीत बसणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

१९८६ सालचा नाताळ. आम्ही इयत्ता आठवींत होतों. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्या निमित्तानें रंगीत दूरचित्रवाणी देशांत आली, आणि तिच्या पाठोपाठ व्हिडिओ आमच्या तालुक्याच्या गांवापर्यंत येऊन पोहोंचला. यंत्र विकत घेण्याची ऐपत गांवांत दोघांतिघांचीच. बाकीचे लोक तें एका रात्रीपुरतें भाड्यानें आणीत. दुकानांतला पोऱ्या सायकलच्या कॅरिअरवर गोधडींत गुंडाळून यंत्र आणी, तारा जोडून देई आणि उजाडतांच परत नेई. एकदां भाडें भरल्यावर रात्र झोपेंत घालविणें म्हणजे पातक! म्हणून तीन कॅसेटी आणावयाच्या. पहिली आजीसाठीं देवादिकांची, दुसरी आई-काकूंसाठीं रडविणारी, आणि वडील मंडळी पेंगूं लागलीं कीं तिसरी आम्हां मुलांची. त्या रात्रीं काकांनीं आणलेली तिसरी कॅसेट ‘पुराना मंदिर’ची होती.

हा बोलपट १९८४ सालचा. चित्रगृहांत तो केवळ प्रौढांसाठीं असे. दारावरच्या माणसानें आम्हांस आंत पाऊल टाकूं दिलें नसतें. माजघराच्या दाराशीं मात्र तसा कोणी उभा नव्हता. त्याच सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन व्हिडिओच्या चोरट्या प्रतींस आळा घालण्यांत आला होता. ती वार्ता आमच्या गांवच्या दुकानदारापर्यंत पोहोंचली नसावी, कारण आमच्या हातीं आली ती प्रतीच्या प्रतीचीही प्रत होती.

कथा थोडक्यांत अशी. सामरी नांवाच्या दुष्टाचें मस्तक एक राजा धडावेगळें करवितो. धड एका जुन्या देवळाच्या आवारांत पुरतात, मस्तक पेटींत बंद करून हवेलींत ठेवतात. मरतांना तो शाप देतो कीं राजाच्या घराण्यांतील स्त्रिया बाळंतपणांत मरतील. पुढें दोनशें वर्षांनीं पेटी उघडते. आपले सदाशिव अमरापूरकरही त्यांत आहेत. मधून मधून विनोदाचा म्हणून जो भाग घातला आहे तो आम्हांस तेव्हांही कंटाळवाणा वाटला व आजही वाटतो.

आम्ही भुतांना भिणारीं मुलें नव्हतों, असें म्हटलें तर तें खोटें होईल. पण आमचीं भुतें निराळीं होतीं. पिंपळावरचा मुंजा, पाण्यांतला गिऱ्हा, उलट्या पावलांची हडळ, ह्यांच्या गोष्टी आजीनें सांगाव्या आणि आम्हीं तिच्या पदराआड शिरावें. त्या भुतांना वजन नव्हतें. सामरीला होतें. तो पायऱ्या चढूं लागला म्हणजे पायऱ्या वाजत. आजी जागी होऊन क्षणभर पडद्याकडे पाहती झाली आणि म्हणाली, “हें भूत नव्हे रे, हें जनावर आहे.” आमच्या मतें ह्या जातीच्या बोलपटांचें इतकें नेमकें परीक्षण दुसऱ्या कोणीं केलेलें नाहीं.

असलीं चित्रें काढणारें रामसे घराणें मूळचें कराचीचें. आडनांव रामसिंघानी, रेडिओच्या दुकानांत येणाऱ्या इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेस तें वळेना म्हणून त्याचें ‘रामसे’ झालें. फाळणीनंतर तें दुकान मुंबईस लॅमिंग्टन रोडवर आलें. वडिलांनीं काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा १९७० सालचा बोलपट साफ पडला, परंतु त्यांत पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगीं प्रेक्षक खुर्चींत सरसावून बसतात हें मुलांनीं हेरलें. मुलगे सात. त्यांना घेऊन वडील काश्मीरांत एका हाउसबोटीवर जाऊन राहिले आणि छायालेखनावरचें एक इंग्रजी पुस्तक पुढ्यांत घेऊन सर्वांनीं धंदा शिकून घेतला. गंगूनें कॅमेरा सांभाळावा, किरणनें ध्वनि, अर्जुननें संकलन. कथा कुमारच्या, दिग्दर्शन तुलसी व श्याम ह्यांचें. १९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनीं महाबळेश्वरीं सुमारें ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चांत उरकला, असें सांगतात. एखाद्या मोठ्या नटाच्या मानधनांतही एवढी रक्कम कोठल्या कोठें जिरली असती. पैसा नसला म्हणजे धूर, निळा-तांबडा उजेड आणि अंधार ह्यांवर भागवावें लागतें. त्यांनीं तें कसोशीनें भागविलें.

त्यांच्या अंधारास आमच्या कॅसेटनें हातभार लावला. अर्धा इंच रुंदीच्या त्या फितीची प्रत काढतां काढतां चित्र पुसट होत जातें, आणि प्रथम नाहींसे होतात ते काळोखांतले बारकावे. पुढें ह्याच चित्रांच्या स्वच्छ डिस्क परदेशांतल्या मंडळींनीं काढल्या. त्यांत भिंतीचे पोपडे दिसतात, रंगविलेली माती दिसते. आमच्या माजघरांत यांपैकीं कांहीं दिसत नव्हतें. पडद्यावर आडव्या रेघा उसळत, चित्र थरथरे, आणि त्या थरथरण्यांतून एक चेहरा पुढें येई.

आतां त्या चेहऱ्याविषयीं.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. तान्हेपणीं चिमणीचा भडका उडून त्याची उजवी बाजू होरपळली होती. गाल ओढला गेला होता आणि एक डोळा पुरता मिटत नसे. तो आमच्याच बांकावर बसे. त्याचें अक्षर वर्गांत सर्वांत चांगलें होतें, आणि भूमितीच्या आकृति आम्ही त्याच्याच वहींतून उतरवीत असूं. त्या रात्रीं तोही आमच्या घरीं आला होता. आम्हींच त्यास बोलावलें होतें. सामरी प्रथम पूर्ण उजेडांत आला तेव्हां दहा-बारा मुलांपैकीं एकानें पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलें. मग दुसऱ्यानें. मग सगळ्यांनीं. तो मात्र पडद्याकडेच पाहात राहिला आणि थोड्या वेळानें अगदीं हलक्या आवाजांत म्हणाला, “अरे, हा मुखवटा नाहीं. ह्याचा चेहरा खरा आहे.”

सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशीं त्यास ‘सामरी’ हें नांव पडलें. पाडणारे आम्ही. कोणी सुचविलें, कोणी हंसत उचललें, असा वांटा आजवर आम्हीं मनांतल्या मनांत पुष्कळदां करून पाहिला. परंतु पहिला उच्चार आमचाच होता. हजेरीच्या वेळीं बाईंनीं त्याचें खरें नांव पुकारलें कीं मागच्या बांकांवरून खसखस पिके. त्यानें कधीं तक्रार केली नाहीं. भूमितीची वही तो पूर्वींसारखीच देत असे. जूनमध्यें नववीचा वर्ग भरला तेव्हां त्याची जागा रिकामी होती.

पुष्कळ वर्षांनीं आमच्या वाचनांत आलें कीं सामरीचें काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीस शिकलेले स्थापत्य अभियंते. पीयूषिका ग्रंथीच्या विकारानें त्यांचा चेहरा व हातपाय वाढले होते. आजारपणामुळें नोकरीवरून रजेवर असतांना कोणी तरी त्यांना रामसे बंधूंकडे जाण्यास सुचविलें, असें त्यांनीं स्वतःच मुलाखतींत सांगितलें आहे. रंगभूषेचें फारसें काम उरलेंच नाहीं. पुढें १९९० सालच्या ‘बंद दरवाजा’तही राक्षस तेच झाले. मुखवटा नाहीं, चेहरा खरा आहे, हें आमच्या बांकावरच्या मुलानें एका रात्रींत ओळखलें होतें.

मागील वर्षीं जुनी माळ्यावरची ट्रंक उपसतांना ती कॅसेट सांपडली. काकांनीं ती दुकानदारास परत केलीच नव्हती असें दिसतें. घरांतलें यंत्र बंद पडलेलें, म्हणून तें घेऊन आम्ही गांवांतल्या एका दुरुस्तीच्या दुकानांत गेलों. पंखे, मिक्सर, रेडिओ ह्यांच्या गर्दींत मालक मान खालीं घालून डाग देत बसला होता. त्यानें वर पाहिलें. गाल तसाच ओढलेला, केस पांढरे.

त्यानें आम्हांस तत्काळ ओळखलें, आमचें नांव घेतलें, शाळेंतल्या दोनतीन मास्तरांची चौकशी केली. आम्ही बोलत होतों, आणि मनांत त्याचें नांव शोधीत होतों. जिभेवर एकच नांव येत होतें. शेवटीं त्यानें यंत्राची पावती फाडून दिली तेव्हां छापील मथळ्यावरून आम्हांस तें वाचतां आलें. अक्षर अजून तसेंच सुरेख.

आठ दिवसांनीं गेलों. रबरी पट्टा नवा घातला होता, हेड साफ केलें होतें.

“एखादी कॅसेट आणली आहेस का?” त्यानें विचारलें. “लावून बघूं.”

कॅसेट पिशवींत होती. आम्ही म्हणालों, “नाहीं, विसरलों.”

“असूं दे,” असें म्हणून त्यानें खणांतून आपल्या मुलीच्या लग्नाची काढली.