लूज कॉन्टॅक्ट

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या नजरेत आपण एका रात्रीत मेकॅनिक, वायरमन आणि मोबाईल रिपेअरवाले होतो. सुट्टीत घरी गेलं की मिक्सर समोर येतो, इस्त्री समोर येते, शेजारच्या काकूंचा गिझर येतो. "इंजिनिअर आहेस ना? मग बघ की!" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो आपल्या कॉलेजचा विद्यार्थीच नव्हे. आणि आपण तिकडे काय शिकतो? फोरिअर सिरीज! असो.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र माझ्यासमोर मिक्सर नाही, अख्खी गाडी आली.

आमची गाडी २०१२ सालची, सेकंडहँड घेतलेली छोटी हॅचबॅक. ती फिरायला जायची गाडी नाही, ती मम्मीची नोकरी आहे. मम्मी कोल्हापूरहून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज चाळीस जेवणाचे डबे पोचवते. स्वयंपाक पहाटे साडेचारला सुरू, गाडी अकराला निघणार, जेवणाची सुट्टी साडेबाराला. यात पाच मिनिटं इकडची तिकडे चालत नाहीत. गणपतीनंतर गाडीने नखरे सुरू केले. किल्ली फिरवली की कधी चालू, कधी डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन सगळं ठप्प. किल्ली जरा हलवली, स्टेअरिंगखाली दोन चापट्या मारल्या की पुन्हा चालू! पंधरा दिवसांत तीनदा मम्मीने रिक्षाने डबे नेले. त्या दिवसांचा नफा रिक्षावाल्याचा. चौथ्यांदा उशीर झाला तेव्हा एका कारखान्याच्या सुपरवायझरने शांतपणे सांगितलं, "ताई, असं परत झालं तर आम्हाला दुसरं बघावं लागेल."

पप्पांनी गाडी दाखवली. पहिल्या ठिकाणी नवी बॅटरी बसवली. काही फरक नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "आतली अख्खी वायरिंग बदला, लॉकसेट बदला, चौदा हजार." २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे पुन्हा पासिंग. तेव्हा एवढा खर्च कशाला, विकूनच टाकू, असं पप्पा म्हणायला लागले. मम्मी काहीच बोलत नव्हती. ती काही बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मी म्हटलं, "मी बघतो." (कोल्हापुरात मुलीसुद्धा 'बघतो', 'जातो' म्हणतात. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी यावरून भरपूर हसून झालंय, आता पुरे.)

पप्पांचा प्रश्न सरळ होता. "आणि आग लागली तर?"

प्रश्न बरोबर होता. शेवटी तह झाला: काम मी करायचं, पण मागच्या गल्लीतले अण्णा शेजारी बसणार. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेत. आता हात थरथरतात, बारीक दिसत नाही, म्हणून काम बंद. पण नाक शाबूत! स्टेअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर मी तीन स्क्रू काढून उतरवलं, अण्णांनी आत डोकं घातलं, एकदा वास घेतला आणि म्हणाले, "कपलर भाजलाय."

कॉन्व्हेंटमध्ये मी 'कनेक्टर' शिकले होते. 'कपलर' हा शब्द त्या दिवशी शिकले. इग्निशन स्विचच्या मागे वायरींचा झुपका ज्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात येतो तो कपलर. बॅटरीची वायर त्यात येते, आणि किल्लीच्या जागेनुसार करंट पुढे वाटला जातो: एक वायर ॲक्सेसरीला, एक इग्निशनला, एक 'सेल्फ'ला. चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला, तोपर्यंत हँडल मारूनच गाडी चालू करायची. आपल्याकडे त्यातला 'स्टार्टर' गळाला आणि 'सेल्फ' उरला. म्हणून आपण 'सेल्फ मारतो'!

बॅटरी जोडलेली असतानाच एक मोजमाप करून घेतलं. किल्ली ऑन, ब्लोअर फुल, वायपर, फॉग लाइट सगळं चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब कपलरमध्ये येणाऱ्या जाड वायरवर, दुसरा इग्निशनच्या जाणाऱ्या वायरवर. सगळं ठणठणीत असेल तर दोन्हींमधला फरक जवळजवळ शून्य यायला हवा. आला १.२ व्होल्ट.

१.२ व्होल्ट म्हणजे किती किरकोळ वाटतं! पण गणित करा. वॅटेजवरून हिशेब केला तर त्या वायरमधून साधारण १८ अँपियर जात होते. १.२ गुणिले १८, म्हणजे जवळपास २२ वॅट. आपल्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न मम्मीच्या गुडघ्यांच्या वर, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात, रोज चालू होता.

मग मला पडलेला प्रश्न: फ्यूज का उडाला नाही? हा प्रश्न मी अण्णांना विचारला. ते म्हणाले, "फ्यूजला काय म्हाईत? करंट जेवढा पायजे तेवढाच जातोय की." आणि मला एकदम लख्ख झालं. फ्यूज फक्त किती करंट जातोय ते बघतो. तो कुठल्या जागी उष्णता होऊन बसतोय ते त्याला दिसत नाही. शॉर्ट सर्किटमध्ये करंट प्रचंड वाढतो, फ्यूज उडतो, आपण वाचतो. ढिल्या जोडात करंट वाढत नाही, उलट जरासा कमीच होतो. फ्यूज शांत बसतो आणि कपलर भाजत राहतो. शिवाय हे चक्र स्वतःला वाढवतं: जोड ढिला म्हणून तापतो, तापला की पिनेची स्प्रिंग मऊ पडते आणि धातूवर काळा ऑक्साइड चढतो, त्यामुळे रेझिस्टन्स वाढतो, म्हणून आणखी तापतो. ज्यूलचा नियम आपण सगळ्यांनी दहावीला पाठ केलाय, I स्क्वेअर R. मार्क मिळाले, विषय संपला. त्याचा वास कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता काम. सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, पॉझिटिव्ह नाही. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर शेकडो अँपियर त्या पान्यातून जातात. (आणखी एक महत्त्वाचं: आमच्या गाडीत एअरबॅग नाही. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. अशा गाडीत स्टेअरिंगखाली पिवळे कपलर दिसले तर हात मागे घ्या, ते काम आपलं नाही.)

मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढले. मग कपलरची खिट्टी दाबून तो बाहेर ओढला, वायरींना धरून नव्हे, ठोकळ्याला धरून. एक खाच करपून तपकिरी झालेली, आतली पिन काळी, वायरीचं आवरण बोटभर कडक. आणि त्याच वायरीवर, थोडं वर, काळ्या टेपचा एक गोळा. टेप सोडली तर आत खरा गुन्हेगार! आधीच्या मालकाने कधीतरी बाहेरून फॉग लाइट बसवून घेतले होते, ५५ वॅटचे दोन. ज्याने बसवले त्याने इग्निशनची वायर सोलून, नुसता पीळ मारून, रिलेशिवाय जोड दिला होता. ११० वॅट भागिले १२, म्हणजे ९ अँपियरचं जास्तीचं ओझं. जुलै-ऑगस्टच्या पावसात ब्लोअर, वायपर, फॉग सगळं एकदम चालू. बिचारा कपलर किती सोसणार?

सामान आणायला शिवाजी उद्यमनगरात गेले. दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या मागे कुणी आहे का तिकडे बघितलं. "कुणी पाठवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. वायरसकट कपलर द्या, अडीच एमएमची वायर. स्विचचा मागचा भाग द्या. एक चार पिनचा रिले, बेससकट. जॉइंटच्या नळ्या आणि हीट स्लीव्ह." त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. सगळं मिळून नऊशे रुपयांच्या आत.

स्विचचा मागचा भागही घेतला, कारण करपलेल्या पिनेवर नवा कपलर चढवला तर नवाही करपणार. पॉलिश पेपरने घासून पिन चकचकीत दिसते, पण तिच्यावरचा कथिलाचा मुलामा जातो. सुदैवाने आमच्या गाडीत हा भाग लॉकपासून वेगळा, दोन स्क्रूंवर. म्हणजे लॉक तेच, किल्ली तीच.

नव्या कपलरच्या वायरींचे रंग जुन्या रंगांशी जुळत नव्हते. म्हणून नियम एकच: एका वेळी एकच वायर. जुनी कापायची, त्याच खाचेची नवी जोडायची, मग दुसरी. जुनी वायर कुठवर कापायची? तांबं चमकेपर्यंत. काळं पडलेलं तांबं चांगला जोड धरत नाही. सर्व जोड एकाच रेषेत आणायचे नाहीत, पुढेमागे ठेवायचे, म्हणजे झुपका जाड होत नाही आणि दोन जोड एकमेकांना घासत नाहीत. आणि स्लीव्ह जोडाच्या आधी वायरीत ओवायची!

मी सोल्डरिंग आयर्न काढला तर अण्णांनी मान हलवली. घरून त्यांनी जुन्या फडक्यात गुंडाळलेली क्रिम्पिंगची पक्कड आणली होती. कारण त्यांनी सांगितलं ते असं: सोल्डर वितळून वायरीच्या तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो. गाडी सतत थरथरते, आणि जिथे ताठ संपून लवचीक सुरू होतं तिथेच तारा तुटतात. शिवाय जोड पुन्हा तापला तर कथील-शिशाचा सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतोच. नीट दाबलेला क्रिम्प तारांना इतकं घट्ट धरतो की आत हवा शिरत नाही, मग ऑक्साइड कुठून येणार? प्रत्येक जोड केल्यावर अण्णा म्हणायचे, "वड!" मी ओढायचे. सुटला तर पुन्हा. एक सुटला, तो पुन्हा केला.

शेवटी फॉग लाइट. मम्मीला ते हवेच होते. त्यांना रिले दिला: बॅटरीपासून थेट वायर, बॅटरीजवळच १५ अँपियरचा फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ मधून दिव्यांकडे. ८५ आणि ८६ ही कॉइल. आता किल्लीच्या वाटेने फक्त कॉइलचा करंट जातो, पाव अँपियरपेक्षाही कमी. भार त्याच्या जाड रस्त्याने, हुकूम त्याच्या बारीक रस्त्याने.

निगेटिव्ह सर्वात शेवटी जोडली. किल्ली ऑन. सगळं चालू करून पुन्हा तेच मोजमाप: ०.०८ व्होल्ट. पप्पांनी मीटरकडे न बघता अर्ध्या तासाने कपलरला हात लावून बघितला. गार. मग तेच म्हणाले, "विकायचं २०२७ ला बघू."

दुसऱ्या दिवशी अकराला मम्मीने डबे भरले, किल्ली फिरवली आणि गेली. 'शाब्बास' वगैरे काही नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती आता किल्ली फिरवताना श्वास रोखत नाही. फिरवता फिरवता माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असते. एका इंजिनिअरला याहून मोठं सर्टिफिकेट नको.

मंडळी, आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एक एक्स्टेंशन बोर्ड आहे, त्यावर इस्त्री, केटल, लॅपटॉप सगळं एकदम. एखादा प्लग ढिला बसतो, मग आपण त्याखाली कागदाची घडी सरकवतो. आज रात्री तो प्लग काढून पिनेला हात लावून बघा. गरम असेल, सॉकेट तपकिरी दिसत असेल, माशासारखा किंवा जळकट वास येत असेल, तर एमसीबी पडण्याची वाट बघू नका. तो पडणार नाही. तो का पडणार नाही हे आता तुम्हाला माहीत आहे.

सुट्टी संपताना मी पक्कड परत द्यायला गेले. अण्णा म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. हितं गंजून जाईल." ती आता माझ्या रूमवर आहे. कुणाला लागली तर खुशाल मागा. फक्त परत आणून द्या!