राखणारा

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवासाहून परतलेल्या माणसाला ‘सुखरूप पोचलात ना?’ असे विचारले, की तोही ‘देवाच्या कृपेने’ असेच उत्तर देतो. त्यात खोटे काही नसते. पण मला आपले वाटते, की ही म्हण तरलेल्या माणसांनीच केलेली असावी. जे तरले नाहीत, त्यांच्या घरच्यांनी काय म्हणावे? त्यांच्यासाठी केलेली म्हण माझ्या तरी ऐकिवात नाही. हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला तो अकराव्या वर्षी, थंडीतल्या एका पहाटे, आगगाडीच्या डब्यात.

साल १९६५. आम्ही गिरगावात राहत होतो. वडील एका बँकेत कारकून होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. आईचे माहेर ग्वाल्हेरचे. शिंद्यांच्या मागोमाग तिकडे गेलेली कितीतरी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली, त्यांतलेच ते एक. शहराच्या लष्कर भागात, दाणाओळीत आजोळचे घर होते.

त्या वर्षीच्या आषाढात माझा नऊ महिन्यांचा भाऊ तीन दिवसांच्या तापाने गेला. आईने त्या तीन दिवसांत नवस बोलायचे एकही दैवत ठेवले नव्हते. चौथ्या दिवसापासून ती देवघरासमोर बसेनाशी झाली. ती रडली-भेकली नाही, देवाला बोल लावला नाही. नुसती तिकडे फिरकेना. घरातला देवाचा दिवा मात्र विझला नाही, कारण तो अण्णा लावू लागले. गंमत अशी, की अण्णांचा देवावर फारसा विश्वास नव्हता. पूजा करताना त्यांच्या हातून निरांजनातले तूप सांडायचे, शंख कुठे आणि घंटा कुठे याचा पत्ता नसायचा. पण आईची जागा रिकामी राहू नये म्हणून ते रोज आंघोळ झाली की पाटावर बसत.

आजीची पत्रावर पत्रे येत होती. ‘एकदा पोरीला घेऊन या’, एवढेच तिचे मागणे. शेवटी नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. अण्णा, आई, मी आणि सहा वर्षांचा बाळू.

तेव्हा रेल्वेला तिसरा वर्ग असे. तो पुढे १९७४ साली गेला. लाकडी बाकांवर होल्डॉल पसरला, की झाले अंथरूण. फिरकीच्या तांब्यात पाणी, दुधातल्या दशम्या, लसणीची चटणी असा सरंजाम घेऊन आम्ही सकाळीच मुंबई सोडली. इगतपुरीला विजेचे इंजिन जाऊन कोळशाचे आले, आणि खिडकीशी बसलेल्या बाळूच्या डोळ्यांत कोळशाचे कण जाऊ लागले. भुसावळ, खांडवा, इटारसी अशी एकेक ठाणी मागे पडली. भोपाळ सोडल्यावर थंडी अंगात शिरू लागली. आईने आपली शाल आम्हा दोघांवर घातली आणि ती तशीच कुडकुडत बसून राहिली.

बीना मागे टाकून गाडी झाशीच्या वाटेला लागली होती. उजाडायला अजून अवकाश होता. बाहेर धुके असे दाटले होते, की खिडकीबाहेर काढलेला स्वतःचा हातही पांढरा दिसावा. एवढ्यात डब्याखालून ‘धाड्’ असा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. बाळू दचकून उठला आणि म्हणाला, “दिवाळी आली?” त्याच क्षणी गाडीला मोठा हिसका बसला. वरच्या फळीवरची ट्रंक खाली आली. करकरत, धापा टाकत गाडी थांबली.

डब्यात एकच गलका उडाला. कोणी म्हणाले दरोडेखोर, कोणी म्हणाले बॉम्ब. पाकिस्तानबरोबरचे युद्ध संपून तीनच महिने झाले होते, तेव्हा लोकांचे तरी काय चुकले? अण्णा खाली उतरले आणि बऱ्याच वेळाने परत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “पुढे रूळ तुटलाय,” ते आईला हळूच म्हणाले. “एका गस्तवाल्याने पाहिला, म्हणून आपण आहोत.”

ते आवाज रेल्वेच्या फटाक्यांचे होते. बुटाच्या पॉलिशसारखी चपटी, गोल डबी. तिला पत्र्याचे कान असतात, ते रुळाला वाकवून बसवायचे. इंजिनाचे चाक वरून गेले, की डबी फुटते. धुक्यात कंदील दिसला नाही, तरी ड्रायव्हरला कानाने कळते, की पुढे धोका आहे. आज ब्रॉडगेजवर असा धोका दिसला, तर गाडी येण्याच्या दिशेला ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचा नियम आहे. वेगात असलेली जड गाडी काही बैलगाडीसारखी जागच्या जागी थांबत नाही. तिला शेकडो मीटर लागतात. म्हणजे तुटलेला रूळ पाहणे हे काम निम्मेच. उरलेले निम्मे म्हणजे तिथून गाडीच्या दिशेने अंधारात धावत सुटणे.

थोड्या वेळाने तो गस्तवाला डब्याशेजारून जाताना दिसला. डोक्यावरून कांबळे, मिशांवर दव, एका हातात लाल कंदील, दुसऱ्या हातात काठी. वय पन्नाशीच्या पुढचे. आई उठली, दशम्या आणि चटणी कागदात बांधून खिडकीतून त्याच्या हातात दिली. तिला हिंदी माहेरचेच. तिने विचारले, “रोज चलते हो, भैया?”

“जाड़े में हर रात, माई.”

“आप न होते तो आज हम न बचते.”

तो संकोचून हसला. काठीनेच वर दाखवत म्हणाला, “बचाने वाला तो वो है, माई. हम तो बस पटरी देखते हैं.”

आई काही बोलली नाही. मला वाटले, आता तिला रडू फुटेल. पण ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि थोडे थांबून म्हणाली, “जिस रात कुछ नहीं मिलता, उस रात भी चलते हो?”

“तो का घर बैठें?” एवढे बोलून तो धुक्यात दिसेनासा झाला.

पुढे मला कळले, की थंडीत पोलाद आकसते, रुळावर ताण येतो आणि आत दडलेला बारीक तडा आ वासतो. म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त असते. दोन्ही बाजूंचे गस्तवाले आपापला टप्पा चालून एकमेकांना भेटतात, वह्या बदलतात आणि परत फिरतात. बहुतेक रात्री त्यांना काहीच सापडत नाही. गाड्या येतात, जातात. आतली माणसे झोपलेली असतात, आणि सकाळी स्टेशनवर उतरून चहा कोमट आहे म्हणून कुरकुरतात.

तुटल्या जागी लोखंडी पट्ट्या आवळून झाल्या आणि गाडी माणसाच्या चालीने त्यावरून गेली. डब्यातला प्रत्येकजण त्या वेळी गप्प होता. दुपार कलल्यावर आम्ही ग्वाल्हेरला पोचलो. आजीने सगळे ऐकले, आम्हा मुलांच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली आणि म्हणाली, “देवानं राखलं गं बाई माझ्या लेकरांना!”

आई शांतपणे म्हणाली, “मग आषाढात कुठं होता तो?”

खोलीत कोणी हलले नाही. आजी शहाणी बाई. तिने उत्तर दिले नाही, उपदेश तर नाहीच. तिने आईला जवळ घेतले, आणि सहा महिने अडलेले आईचे रडणे त्या दिवशी मोकळे झाले. तिन्हीसांजेला अण्णा सवयीने देवघराकडे वळले, तेव्हा आई त्यांना म्हणाली, “राहू द्या. मी लावते. तुम्ही तूप सांडता.”

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ च्या डिसेंबरात, रामेश्वरजवळ धनुष्कोडीला जाणारी पासिंजर गाडी चक्रीवादळाच्या लाटांत वाहून गेली होती. शंभराहून अधिक माणसे गेली. त्या गाडीतही आया होत्या, लेकरे होती, देवाचे नाव घेणारी माणसे होती. ती देवाची नावडती आणि आम्ही आवडते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाचणे ही काही पुण्याची पावती नव्हे. आईने त्या दिवशी दिवा लावला तो देवाशी हिशेब मिटला म्हणून नव्हे. मोठी झाल्यावर एकदा मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “माझ्या बाळाचं उत्तर मला मिळालं नाही, आणि मिळणारही नाही. पण त्या माणसाला पाहिलं नि वाटलं, आपण फक्त फटाके वाजतात ती रात्र मोजतो. न वाजलेल्या रात्री किती गेल्या असतील! त्या रात्रींसाठी कुणाला तरी हात जोडायला नकोत का?”

आता इंजिनात ‘फॉग पास’ नावाचे यंत्र असते; उपग्रहांच्या मदतीने ते पुढच्या सिग्नलची सूचना ड्रायव्हरला देते. रुळाच्या आतले तडे ध्वनिलहरींनी तपासतात. तरीही हिवाळ्याच्या रात्री रुळावरून माणसे चालतातच. आई होती तोवर रात्रीच्या प्रवासात ती खिडकीशी बसायची, आणि बाहेर रुळाकडेला कंदील हलताना दिसला, की हात जोडायची. शेजारचे उतारू इकडेतिकडे पाहत, जवळपास कुठे देऊळ तर दिसत नाही!

या नाताळच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण बहिणीकडे, मुलाकडे, आजोळी जायला निघतील. बहुतेकांच्या प्रवासात सांगण्यासारखे काहीच घडणार नाही, आणि तसेच होवो. पोचल्यावर कोणी ‘सुखरूप ना?’ असे विचारले, तर खुशाल म्हणावे, ‘देवाच्या कृपेने.’ फक्त ते म्हणताना, रात्रभर कोणीतरी आपल्यासाठी चालत होते, याची आठवण असू द्यावी.