पंचेश्वरचा संगम आणि सहा फुटांचा धागा

कुमाऊंतील लोहाघाट सोडले की देवदारांची सावली मागे पडते आणि रस्ता वळणावळणांनी खाली उतरत सुमारे ४० किलोमीटरांवर पंचेश्वरला येतो. येथे सरयू कालीला मिळते. पलीकडचा तीर नेपाळचा; तिकडे कालीला महाकाली म्हणतात. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागले की कालीचे पाणी थंड आणि गढूळ होते, सरयू मात्र त्यामानाने नितळ व उबदार राहते. दोन रंगांची ती सरहद्द डोळ्यांना स्पष्ट दिसते, आणि त्याच सरहद्दीवर महसीर भक्ष्य शोधत फिरत असतात. माळव्यातील वाचकांना हा मासा परका नाही. त्याचाच एक भाऊबंद नर्मदेत बाडस म्हणून ओळखला जातो. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमासा ठरविले.

येथे परवाना काढून गळ टाकणारे लोक पिसांची आणि केसांची कृत्रिम माशी वापरतात. माशी हे नाव केवळ रूढीचे; ही वस्तू चांगली चार इंच लांब, लहान मासोळीच्या आकाराची असते. साध्या गळाला वजन असते, ते दोराला ओढून नेते. येथे सारे उलट. वजन दोराला, आणि त्याच्या मागून हलकी माशी जाते. काठीच्या फटकाऱ्यासरशी दोर हवेत वेलांटी घेतो, ती वेलांटी उलगडत पुढे सरकते आणि शेवटी माशी पाण्यावर उतरते.

त्या जाड दोराच्या आणि माशीच्या मधला पारदर्शक नायलॉनचा धागा म्हणजे लीडर. बैल हाकणाऱ्याचा आसूड मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, तसाच हाही. दोरातला जोर त्यातून न तुटता टोकापर्यंत पोहोचला पाहिजे. पॅरिसच्या हॉटेलवाल्या रिट्झ घराण्यातील चार्ल्स रिट्झ हे या विद्येचे मोठे जाणकार. लांबीचा साठ टक्के भाग जाड, वीस टक्के निमुळता आणि वीस टक्के बारीक, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमाण. नायलॉन १९३५ साली निघाले. त्यापूर्वी रेशीमकिड्याच्या तंतूचे लीडर असत आणि वापरण्यापूर्वी ते भिजवून मऊ करावे लागत.

थंड ओढ्यातल्या ट्राउटसाठी नऊ फुटांचा लीडर आणि टोकाला ०.१५ मिलिमीटरचा धागा चालतो. तोच येथे लावला तर फजिती ठरलेली. पिसांची मोठी माशी वारा अडवते. बारीक धाग्याला तिला फिरवण्याइतका जोर नसतो. वेलांटी उलगडण्याआधीच कोसळते, धाग्याला पीळ पडतात, आणि माशी टाकणाऱ्याच्याच अंगावर येते. दुपारी दरीतून वर वाहणारा वारा सुटला की विचारूच नका! म्हणून आमच्या वाटाड्याचा लीडर जेमतेम सहा फुटांचा होता. दोराकडील टोक अर्ध्या मिलिमीटरहून जाड, माशीकडील सुमारे ०.४०. माशी त्याने सैल फाशाच्या गाठीने बांधली होती. जाड धाग्यावर घट्ट गाठ मारली की माशी ताठ होते आणि पोहत नाही. फटकाराही त्याने संथ, रुंद वेलांटीचा ठेवला होता.

जाड धागा माशाला दिसणार नाही का, असे मी विचारले. तो हसला. धावत्या पाण्यात मोठ्या भक्ष्यावर झेप घेणारा महसीर धागा निरखीत बसत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. या माशाला जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण गळ लागताच तो खडकांत शिरतो, आणि तेथे बारीक धागा कापला जातो. मग गळ तोंडातच घेऊन मासा निघून जातो. धागा न तुटला तरी नाजूक धाग्यावर झुंज लांबते आणि थकलेला मासा सोडल्यावरही जगेलच असे नसते. सोनेरी महसीर जगात संकटग्रस्त गणला गेला आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास करून पिल्ले नद्यांना पुरविली, ती याच काळजीपोटी. पण पिल्लांना नदी वाहती हवी. १९९६ सालच्या भारत-नेपाळ करारातील नियोजित पंचेश्वर धरणाची जागा या संगमाच्या थोडी खाली आहे. ते बांधले गेले तर ही दोन रंगांची रेघ जलाशयाच्या तळाशी जाईल.

संध्याकाळी वारा पडल्यावर त्या जाड धाग्याला एक मासा लागला, चारेक किलोंचा असावा. वाटाड्याने त्याला पाण्याबाहेर काढलेच नाही. गळ सोडवून त्याचे तोंड प्रवाहाकडे धरले, कल्ले उघडझाप करू लागेपर्यंत धरून ठेवले, आणि हात सैल केला.