गिअरच्या दांड्यावरचा क्लच

दुर्ग-भिलाईच्या आमच्या पद्मनाभपुरात रविवारी सकाळी एक चक्कर मारली, की कुणाच्या गाडीला या आठवड्यात काय नवीन बसले ते न विचारता कळते. कुणी पुढे आणखी दोन दिवे लावलेले असतात, कुणी रिंगा बदलून रुंद टायर घातलेले असतात, आणि कुणाची गाडी मागे घेताना भजनाची धून वाजवते. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली भट्टी १९५९ साली पेटली. तेव्हापासून या भागात लोखंड, वेल्डिंग आणि हातात कसब असलेली माणसे यांना तोटा नाही. त्यामुळे कंपनीने दिलेली गाडी जशीच्या तशी वापरायची, हे इथल्या पुरुषमंडळींना जरा कमीपणाचेच वाटते.

यातले पुष्कळसे बदल हौसेचे. पण सगळेच नव्हेत. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लहान मूल बसवायचे म्हणजे तव्यावर बसवणेच! म्हणून घरोघरच्या गाड्यांना काळी फिल्म असे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका ब्लेड आणि साबणाचे पाणी घेऊन काचा खरवडत बसल्या होत्या. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये बंपरवरच्या लोखंडी गार्डची पाळी आली. गार्डमुळे धडकेचा मार थेट सांगाड्यावर येतो, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते आणि पायी चालणाऱ्याला जास्त लागते. तरीही 'मजबुती' म्हणून ते लावणारे लावतातच.

दिव्यांचे तर विचारूच नका. कंपनीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. त्या जागी १००/९० वॅटचा घालायचा आणि तार मात्र जुनीच ठेवायची. पाच अँपिअरच्या जागी आठ अँपिअर वाहू लागले, की तार तापणारच. मग फ्यूज उडतो. तो उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याचा तुकडा! आमचे मिस्त्री म्हणत, "फ्यूज म्हणजे घरातला म्हातारा माणूस. कटकट करतो म्हणून त्याला काढून टाकले, तर घराला आग लागल्यावर ओरडणार कोण?"

या मिस्त्रींबद्दलच सांगायचे आहे. आमच्या ह्यांना दीड वर्षाचे असताना पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा अधू राहिला. १९९१ मध्ये लग्न होऊन मी इथे आले तेव्हा ह्यांच्याकडे स्कूटर होती. उजवा पाय धड असल्याने किक मारता येई, ब्रेकही दाबता येई. अडचण असे ती थांबण्याची. थांबलेली स्कूटर तोलून धरायला डावा पाय हवा. मिस्त्रींनी मागे दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक बसवून दिले. त्या स्कूटरवर आम्ही सात वर्षे फिरलो. बाजूच्या चाकांची स्कूटर वळणावर कलत नाही, म्हणून वेग आवरूनच वळावे लागते, आणि एक चाक खड्ड्यात गेले की मागे बसणारीच्या कमरेला कळते. असो.

दोन मुले झाली आणि स्कूटर पुरेना. १९९८ मध्ये ह्यांनी एक जुनी मारुती ८०० घ्यायचे मनात आणले. घरात वादळच उठले. "एका पायावर मोटार चालवणार? आणि तीही नातवंडांना घेऊन?" सासऱ्यांनी एवढेच विचारले आणि दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांचे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. लहानपणी मुलाला कडेवर घेऊन इलाजासाठी वणवण केलेला तो बाप. त्याला भीती वाटणारच.

मिस्त्रींचे गॅरेज भिलाईत पॉवर हाऊसच्या बाजूला होते. त्यांनी पहिल्या दिवशी पान्याला हातही लावला नाही. ह्यांना सीटवर बसवून नुसते बघत राहिले. कोणता हात मोकळा असतो, कोपर कुठवर जाते, गिअर बदलताना खांदा किती वळतो. मग म्हणाले, "भाईसाहब, पाय नाही चालत तर क्लच हाताकडे आणू."

मारुती ८०० चा क्लच केबलवर चाले. पायाने दांडी दाबली की केबल ओढली जाते, एवढाच तो कारभार. मिस्त्रींनी गिअरच्या दांड्यावर मोटारसायकलच्या क्लचसारखी एक मूठ बसवली आणि तिथून दुसरी केबल थेट क्लचच्या दांडीपर्यंत नेली. डाव्या हाताने मूठ दाबायची आणि त्याच हाताने गिअर टाकायचा. ऐकायला सोपे वाटते. पण मोटारीच्या क्लचला मोटारसायकलपेक्षा कितीतरी जोर लागतो. पहिल्या दिवशी सुपेल्याच्या गर्दीतून आल्यावर ह्यांची बोटे इतकी आखडली होती, की रात्री त्यांना पोळी तोडता येईना. मिस्त्रींनी मूठ काढून तिथे चांगली वीतभर लांब दांडी लावली. तरफेचा नियम, आपण शाळेत शिकून विसरतो तो. पुढे एकदा शिवनाथच्या पुलाअलीकडे केबलच तुटली. गाडी आचका देऊन बंद पडली, निभावले ते ब्रेक शाबूत होता म्हणून. त्यानंतर दर सहा महिन्यांनी केबल बदलायचीच, असे मिस्त्रींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवले.

त्यांचे दोन नियम मला फार आवडले. ब्रेक आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि कंपनीचे काहीही कापायचे नाही. पायाखालचा मूळ क्लच त्यांनी तसाच ठेवला. त्यामुळे तीच गाडी हे हाताने चालवत आणि मी पायाने. पुढे मुलगाही तिच्यावरच शिकला.

गाडी अकरा दिवसांत तयार झाली. कागद व्हायला सात महिने गेले. खिडकीमागच्या एका गृहस्थांनी तर "यांना गाडी चालवायची गरजच काय?" असे मला, ह्यांच्या देखत विचारले. शेवटी एक निरीक्षक भले भेटले. ते शेजारी बसले आणि ह्यांना थेट रेल्वेच्या पुलाच्या चढावर घेऊन गेले. "इथे थांबवा. आता निघा." चढावर निघायचे तर एरवी हँडब्रेक कामी येतो, पण डावा हात क्लचवर अडकलेला, मग हँडब्रेक सोडणार कोण? ह्यांनी उजवा पाय ब्रेकवरच ठेवला, क्लच हळूहळू सोडत आणला, इंजिनाचा आवाज जड झाला तेव्हा चटकन पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर टाकला. गाडी वीतभर मागे आली आणि मग चढली. पुलाखाली मी दोन्ही मुलांना धरून उभी होते. सासरेही आले होते, पण त्यांनी पुलाकडे पाठ केली होती.

२००३ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्याच छातीत दुखू लागले. ह्यांनी त्यांना शेजारी बसवून सेक्टर ९ च्या रुग्णालयात नेले. वाटेत ते दोनदा फक्त "सावकाश" म्हणाले. घरी परत आल्यावर मात्र शेजाऱ्यांना ती दांडी उघडून दाखवू लागले.

कायदा याबाबत आता बराच स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. सीएनजीच्या मान्य किटसारखे काही बदल परवानगीने होतात. त्याच २०१९ साली कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली आणि नोंदणी अधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊन दिव्यांग व्यक्तीला आपल्या सोयीची गाडी करून घेता येईल, हे त्यात आले. मंजुरी आधी, वेल्डिंग नंतर, हा क्रम महत्त्वाचा. बदलाची नोंद पुस्तकात नसेल, तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची बातमी आली. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. लोहारांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातल्या सुट्या भागांतून साधारण साठ हजार रुपयांत छोटी जीप बनवली होती, आणि ती किक मारून सुरू होई. आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. सगळे बोलेरोबद्दल बोलत होते. आमचे हे मात्र मोबाइलवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. "किक कुठल्या पायाने मारतात ते बघतोय," म्हणाले. स्वतःच्या हाताने घडवलेली गाडी देऊन टाकताना त्या माणसाच्या पोटात काय कालवले असेल, हे मला वाटते आमच्या घरात जरा जास्तच कळले.

आमची मारुती २०१६ मध्ये गेली. २०१४ पासून आपल्याकडे क्लच स्वतःच सांभाळणाऱ्या स्वस्तातल्या गाड्या येऊ लागल्या. तशी एक आम्ही घेतली. डाव्या पायाचे कामच उरले नाही. दांडी तेवढी काढून ठेवली आहे, घासून गुळगुळीत झालेली.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतला एक मुलगा आला होता. मोटारसायकलच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आहे. वडिलांची जुनी गाडी दारात उभी आहे, नवी घेण्याची ऐपत नाही. ह्यांनी त्याला दांडी दाखवली आणि मिस्त्रींचा पत्ता दिला. मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत, गॅरेज मुलगा बघतो. त्यांनी म्हणे त्याला समोर बसवून चहा पाजला आणि सांगितले, "आधी आरटीओत अर्ज दे, मंजुरी आण. तोवर मी तुझा हात बघून ठेवतो."