वैराग्यकाळ : उंबरठ्यावरचे दिवस

दीक्षेचा दिवस साऱ्या समाजाच्या लक्षात राहतो. वरघोडा निघतो, मंडप भरतो, केशलोच व वेशपरिवर्तन होते आणि 'करेमि भंते'च्या पाठाने आयुष्यभराचे सामायिक स्वीकारले जाते. मात्र त्या दिवसापूर्वीचा, वैरागी म्हणून गुरूंच्या सान्निध्यात घालवलेला काळ फारसा कोणाच्या नजरेस पडत नाही. त्याचा वरघोडा नसतो, त्याची पत्रिका छापली जात नाही. साधुजीवनाचा पाया मात्र त्या अबोल दिवसांतच घातला जातो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीला हा काळ परिचित आहे. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेला नेमीचंद हा बालक वयाच्या तेराव्या वर्षी पूज्य रत्नऋषिजी महाराजांच्या चरणांशी आला. त्यांच्याकडून त्याने थोकडे व स्तवने आत्मसात केली आणि 7 डिसेंबर 1913 रोजी मिरी येथे दीक्षा घेतली. हाच बालक पुढे आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराज म्हणून सर्वत्र वंदनीय झाला. दीक्षेने त्यांचे शिक्षण संपले नाही, उलट तेथून ते अधिक खोल झाले. पंडित राजधारी त्रिपाठी यांच्याकडे संस्कृत-प्राकृताचे अध्ययन झाले आणि पहिले प्रवचन अहमदनगर येथे झाले ते 1920 साली. दीक्षा आणि पहिले प्रवचन यांत सुमारे सात वर्षांचे अंतर आहे. घाई त्या परंपरेच्या स्वभावातच नव्हती.

आजचा वैरागी किंवा वैरागी भगिनी वयाने बहुधा मोठी असते, अनेकदा पदवीधरही असते. तरी तिच्या दिवसाची चौकट जुनीच आहे. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी उठणे, प्रतिक्रमण, सामायिक. सूर्योदयानंतर प्रतिलेखन, म्हणजे वस्त्रे व उपकरणे उलगडून त्यांत एखादा सूक्ष्म जीव तर नाही ना हे पाहणे. नवकारसीचे 48 मिनिटे झाल्यावरच मुखात पाणी. त्यानंतर व्याख्यान-श्रवण, दुपारी गाथांचे पाठांतर व वाचणी, सूर्यास्तापूर्वी चौविहार आणि सायंकाळी पुन्हा प्रतिक्रमण. व्यापारी घरातल्या मुलाला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. दुकान बंद करण्यापूर्वी रोजकीर्द जुळवली जाते, तसाच हा दिवसाचा हिशेब असतो. फरक इतकाच, की येथे चूक दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

या दिनक्रमात एक बारकावा आहे. वैरागी साधूंसोबत राहतो, विहारात त्यांच्याबरोबर पायी चालतो, तरी तो अजून गृहस्थच असतो. साधूंनी आणलेली गोचरी त्याला चालत नाही. त्याचे भोजन श्रावकांच्या घरी होते. प्रत्येक घरी आग्रह होतो. माउली तुपाची धार थांबवत नाही, दुसरी पोळी न विचारता ताटात पडते. तेथे नम्रपणे 'पुरे' म्हणणे हा त्याचा पहिला संयम. विहारात मे महिन्याचे ऊन डोक्यावर येते तेव्हा पायांना दुसरा धडा मिळतो, आणि सणावाराला घरची आठवण दाटते तेव्हा मनाला तिसरा. शास्त्रांनी सांगितलेले बावीस परीषह त्याला ग्रंथात भेटण्याआधी वाटेवरच भेटू लागतात.

पाठांतरात दशवैकालिक सूत्राला मानाचे स्थान आहे. त्याची कथा हृदयस्पर्शी आहे. आचार्य शय्यंभव यांचा अल्पवयीन पुत्र मनक त्यांचा शिष्य झाला. त्याचे आयुष्य अवघे सहा महिने उरले आहे, हे आचार्यांनी ज्ञानाने जाणले. इतक्या थोड्या अवधीत साधुधर्माचे सार त्याच्या हाती यावे म्हणून त्यांनी या सूत्राची दहा अध्ययने रचली. कोवळ्या वयाच्या साधकासाठी पित्याने रचलेले हे पाठ्यपुस्तक आहे. पहिल्याच अध्ययनात भ्रमराचा दृष्टांत येतो : फुलाला न दुखवता रस घ्यावा, तसा साधूने आहार घ्यावा. याच सूत्राला जोडलेल्या दोन चूलिकांपैकी पहिली, 'रतिवाक्या', ज्याचे मन संयमातून उडाले आहे आणि ज्याला घरी परतावेसे वाटते अशा साधूसाठी आहे. त्याने चिंतन करावे म्हणून तीत अठरा स्थाने सांगितली आहेत. मन डळमळू शकते हे शास्त्रकारांनी लपवले नाही. त्यावर उपायाचा विचार केला.

इतर धर्मांतही तरुणांना असे घडवले जाते. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे तरुण अठराव्या वर्षापासून धर्मप्रचारासाठी घर सोडू शकतात. युटा राज्यातील प्रोव्हो येथे त्यांचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. ठरल्या वेळी उठणे, ग्रंथाध्ययन, परभाषेचा सराव आणि सदैव जोडीदाराची सोबत, असा त्यांचा शिस्तबद्ध दिवस असतो. काही आठवड्यांत ते अनोळखी दारांवर उभे राहतात आणि दोन वर्षांनी मुलगे घरी परततात, शिकतात, संसार मांडतात. त्या मार्गाला परतीची तारीख आहे. जैन दीक्षेला ती नाही. म्हणूनच येथे कसोटीचा काळ दीक्षेच्या अलीकडे ठेवला गेला आणि माता-पित्यांच्या आज्ञेवाचून पुढचे पाऊल टाकू दिले गेले नाही.

कसोटी म्हटली की तिचे दोन निकाल संभवतात, आणि समाजाची खरी परीक्षा तेथेच होते. जो दीक्षा घेतो त्याचा जयजयकार होतो. पण वर्ष-दोन वर्षे गुरुचरणी राहून, आपली शक्ती ओळखून एखादा युवक किंवा युवती घरी परतते, तेव्हा कुजबुज सुरू होते. लग्नाच्या बोलणीत तो विषय निघतो, आई-वडिलांना मान खाली घालावी लागते. या कुजबुजीच्या भीतीने एखाद्याने मनाविरुद्ध पुढे पाऊल टाकले, तर त्याचे ओझे त्याला जन्मभर वाहावे लागेल. त्या ओझ्यात कुजबुजणाऱ्यांचाही वाटा असेल.

परत आलेल्या त्या मुलाला प्रतिक्रमण येते, दशवैकालिकाच्या गाथा मुखोद्गत असतात, विहाराचे कष्ट ठाऊक असतात. स्थानकाची पाठशाळा चालवायला, साधु-साध्वींच्या विहारसेवेला याहून योग्य हात कोणते? दीक्षार्थीला संघाने हार घालावा, ते उचितच आहे. पण प्रामाणिकपणे परतलेल्यालाही पुढच्या पंक्तीत बसवावे, त्याच्या आईला हळदी-कुंकवाला आदराने बोलवावे. उंबरठा दोन्ही बाजूंनी मोकळा असेल, तरच तो ओलांडणाऱ्याचे पाऊल स्वतःच्या इच्छेचे ठरेल. भगवान महावीरांच्या शासनाला अशाच पावलांची शोभा आहे.