निरोप जसाच्या तसा

हॅम रेडिओकडे नव्याने येणारी मुलं हल्ली माइकच्या आधी लॅपटॉप जोडतात. मला त्याचा आनंदच आहे. २०१७ साली एफटी-८ हे डिजिटल तंत्र आलं आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हा छंद परवडू लागला. ते घडवणाऱ्यांपैकी जो टेलर हे नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ. पंधरा सेकंद पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं, एवढीच रीत. कानाला नुसती खरखर वाटते, पण त्यातूनही संगणक कॉलसाइन, म्हणजे केंद्राची ओळख, वेचून काढतो. बँड उघडा असेल तर पाच वॉट आणि गच्चीवर ताणलेली तार एवढ्या भांडवलावर पुण्यातून जपान गाठता येतं.

यातून शिस्तही लागते. सेटवर एएलसीचा, म्हणजे सिग्नलची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा, काटा हलू लागला की लॅपटॉपचा आवाज लगेच खाली आणायचा. नाहीतर सिग्नल फाकतो आणि शेजारच्यांची जागा खातो. पॉवरही निम्म्याच्या खाली ठेवायची, कारण बोलताना सेटला मिळते तशी उसंत इथे मिळत नाही. घड्याळ सेकंदाच्या आत जुळलेलं हवं. एरवी ते इंटरनेटवरून जुळतं, पण संकटात इंटरनेटच नसतं. म्हणून मी लॅपटॉपसोबत छोटा जीपीएस रिसीव्हर ठेवतो.

मात्र एफटी-८ जमलं म्हणजे आपत्तीची तयारी झाली, असं समजू नये. त्यात मोकळा मजकूर एका खेपेला फक्त १३ अक्षरांचा जातो. पुरात अडकलेल्या माणसांची यादी त्यात बसणार कशी? एफटी-८ आपल्याला बँड ओळखायला शिकवतं. निरोप पोचवण्यासाठी पुढे जेएस-८ कॉल आणि विनलिंक शिकावं लागतं. पहिल्यात वाक्यं टाइप करून पाठवता येतात, तर दुसऱ्यात रेडिओवरून चक्क ईमेल जाते.

डिजिटलचं खरं मोल इथे कळतं. खरखरीत ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात. मदत केंद्रात सात ब्लँकेट हवीत की साठ, यावर कुणाची तरी रात्र अवलंबून असते. पडद्यावर आकडा स्पष्ट उमटतो. आवाजावर काम करताना आम्ही ‘सहा, शून्य’ असे आकडे सुटे बोलतो आणि समोरच्याकडून परत वदवून घेतो. गावाचंही तसंच. नुसतं ‘वडगाव’ लिहून भागत नाही, तालुका आणि जिल्हा लागतोच. मूळ निरोपात एक शब्द आपल्या मनाचा घालायचा नाही, एक गाळायचा नाही. पोस्टमनने पत्र उघडून सुधारू नये, तसंच हे. निरोप कुणाचा, कुणाला, किती वाजता निघाला आणि किती तातडीचा, हे आधी नोंदवायचं. मगच पाठवायचा.

आपल्याकडे सह्याद्रीचाही विचार करावा लागतो. हातातला व्हीएचएफ सेट डोंगराआड गप्प होतो. सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर बंद पडला तर घाटमाथ्यावरून खालच्या खोऱ्यात बोलणं कठीण. अशा वेळी ४० मीटर बँडची तार कामी येते. दहा-दहा मीटरच्या दोन बाजू, जमिनीपासून चार-पाच मीटरवर आडव्या बांधायच्या. तार मुद्दाम खाली ठेवली की सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनांबरावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतो. डोंगर मध्ये येतच नाही. रात्री हा बँड जवळच्यांसाठी मिटला तर ८० मीटरवर जायचं.

२००४ साली भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्यांच्या केंद्रावरून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. सेट लावलेला होता, तार बांधलेली होती आणि हात सरावलेले होते. २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही वीज आणि मोबाइल गेले होते. अशी वेळ पुन्हा येणार, हे धरूनच चालावं.

सुरुवात अवघड नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. परवाना हातात येईपर्यंत इंटरनेटवरच्या सार्वजनिक रिसीव्हरवरून भरपूर ऐका. परवान्याशिवाय प्रक्षेपण करू नका. परवाना मिळाला की हवेवरच्या ‘नेट’मध्ये, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या बैठकीत, नियमित हजेरी लावा. महिन्यातून एकदा घरची वीज बंद करून, बॅटरीवर, इंटरनेटशिवाय एक निरोप पाठवून बघा. आणि पावसाळ्यापूर्वी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन आपली ओळख करून द्या. पाणी चढल्यावर तिथे ओळखी करायला कुणालाच सवड नसते.